नऊ पुस्तकं आणि एक हरवलेला शून्य

आज सकाळी एका मित्राने दोन फोटो पाठवले. पहिल्यात टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा. मोजली, नऊ निघाली. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष, गणिताचा पेपर जवळ आलेला, आणि फोटोखाली प्रश्न: "अजून काही घ्यायचं राहिलंय का रे?" दुसऱ्या फोटोत तिच्या वहीचं पान. वर्गसमीकरणांचा सरावसंच, २४ उदाहरणं, २४ बरोबरच्या खुणा, अक्षर मोत्यासारखं.

मी एवढंच कळवलं की तिला क्ष² = ५क्ष हे सोडवायला सांग, पुस्तक न उघडता. दोन मिनिटांत उत्तर आलं: क्ष = ५.

बस्स. एकच उत्तर. दुसरं उत्तर शून्य आहे आणि ते तिने स्वतःच्या हाताने घालवलं, दोन्ही बाजूंना क्ष ने भागून. भागायचं असेल तर क्ष शून्य नाही याची खात्री हवी, आणि इथे तर तो शून्य असू शकतो. सगळं एका बाजूला आणायचं, क्ष² − ५क्ष = ०, मग क्ष(क्ष − ५) = ०, मग दोन्ही उत्तरं आपोआप समोर. हे तिला येत नाही असं नाही. त्याच वहीत, त्याच पानावर, सातव्या उदाहरणात तिने हेच केलंय. पण तिथे शेजारी गाइड उघडं होतं.

राग त्या पोरीवर नाही. राग त्या नऊ पुस्तकांवर आहे.

काय होतं त्या गठ्ठ्यात? तीन गाइडं, दोन संभाव्य प्रश्नसंच, खिशात मावणारं सूत्रांचं एक पुस्तक, स्पर्धा परीक्षांचा एक ठोकळा, कुणा दादा-ताईची जुनी आवृत्ती, आणि सगळ्यात खाली पाठ्यपुस्तक. त्याचे कोपरे अजून सरळ. वर्ष संपत आलं आणि पाठ्यपुस्तकाचे कोपरे सरळ! तिन्ही गाइडांत तीच उदाहरणं, तेच आकडे, फक्त मुखपृष्ठाचा रंग वेगळा. एकच उदाहरण तीनदा विकत घेतल्याने ते तीनदा येत नाही.

गणिताचं पुस्तक निवडताना लोक मुखपृष्ठ बघतात, पानं किती ते बघतात, "यातूनच येतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. उलट करा. आधी शेवटची पानं उघडा आणि उत्तरं कशी दिलीत ते बघा. शेवटी फक्त अंतिम उत्तरं असतील तर पुस्तक कामाचं. प्रत्येक उदाहरणाखालीच सगळ्या पायऱ्या सोडवून ठेवल्या असतील तर ते पुस्तक वाचायचं झालं, आणि गणित वाचून येत नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते. पटणं आणि सुचणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि परीक्षेत गुण सुचण्याला आहेत. मग मधलं एखादं प्रकरण उघडा आणि बघा की शेवटी संकीर्ण उदाहरणं आहेत का, म्हणजे कुठल्या पद्धतीने सोडवायचं हे न सांगता दिलेली. नसतील तर ठेवा खाली. आणि आवृत्ती चालू अभ्यासक्रमाची आहे ना, हे अनुक्रमणिका पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवून प्रकरणागणिक ताडून बघा. जुन्या आवृत्तीत असलेल्या, पण आता वगळलेल्या भागावर पोरं आठ-आठ दिवस घालवतात आणि नव्याने आलेला भाग त्यांना थेट पेपरातच भेटतो.

संकीर्णवर मी अडून बसतो त्याचं कारण सांगतो. मित्राला दुसरं उदाहरण पाठवलं होतं: आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ ने जास्त, क्षेत्रफळ ६०, तर रुंदी किती? तिने मांडलं क्ष + क्ष + ७ = ६०. मग उत्तर अपूर्णांकात आलं म्हणून खोडलं आणि थांबली. क्ष(क्ष + ७) = ६०, म्हणजे क्ष² + ७क्ष − ६० = ०, अवयव (क्ष + १२)(क्ष − ५), रुंदी ५, आणि −१२ सोडून द्यायचं कारण रुंदी ऋण नसते. अवयव पाडायला ती चुटकीसरशी पाडते, २४ खुणा साक्षीला आहेत. पण या उदाहरणाच्या डोक्यावर "वर्गसमीकरणे" असं लिहिलेलं नव्हतं. सरावसंचाचं शीर्षकच अर्धं उत्तर सांगून टाकतं आणि आपल्याला ते कळतही नाही. पेपरात शीर्षक नसतं.

म्हणून प्रकरण पहिल्यांदा शिकताना त्याची उदाहरणं सलग सोडवा, हवी तर १० किंवा १२. त्यापुढे सलग सोडवत बसणं म्हणजे हाताला व्यायाम आणि डोक्याला सुट्टी. वेगवेगळ्या पाच प्रकरणांतून प्रत्येकी दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवा, चिठ्ठ्या पिसा, आणि वर येईल ती सोडवा. पहिले दोन-तीन दिवस भयंकर वाईट जातील. दहापैकी चार बरोबर येतील आणि पोरगं म्हणेल, मला काहीच येत नाही. येतं. फक्त कोणती पद्धत लावायची हे ओळखण्याचं काम ते पहिल्यांदाच करतंय.

गाइड अजिबात नको का? ठीक आहे, एक असू द्या. घरी विचारायला कुणी नसेल तर अडलेल्या पोराने जायचं कुठे, हे मलाही कळतं. पण ते वापरायची रीत आहे. कोरा कागद घेऊन आधी १५ मिनिटं स्वतः झटापट करायची. नाहीच सुचलं तर उत्तरावर पट्टी ठेवून फक्त पहिली ओळ उघडायची, पुन्हा झाकून पुढे स्वतः जायचं. पुन्हा अडलात तर आणखी एक ओळ. पूर्ण बघावंच लागलं तर बघून झाल्यावर गाइड बंद, आणि अख्खं उदाहरण पहिल्यापासून कोऱ्या कागदावर. आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा, काही न बघता. ही शेवटची पायरी जो गाळतो त्याने गाइड वापरलं नाही, उतरवून काढलं.

व्हिडिओंचंही तेच. समजावणारा कितीही गोड असो, उदाहरण वाचून झालं की थांबवा, स्वतः सोडवा, मग पुढे चालवा. दुप्पट वेगाने चार प्रकरणं "झाली" म्हणणाऱ्यांना त्यातलं एक उदाहरण द्या आणि गंमत बघा. फोटो काढला की पायऱ्या दाखवणारी अ‍ॅपं तर गाइडाची थोरली भावंडं. सोडवून झाल्यावर ताळा करायला वापरा, त्याआधी नको.

आता ज्या गोष्टी त्या गठ्ठ्यात नव्हत्याच, त्यांच्याबद्दल.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. एकही नव्हती! नऊ पुस्तकांत संभाव्य प्रश्न दोनदा, आणि खरोखर विचारलेले शून्य. आणि प्रश्नपत्रिका मिळाल्या की पोरं सगळ्यात आधी सगळ्यात ताजी फोडतात. ती चूक करू नका. ताज्या तीन बाजूला ठेवा, बघूसुद्धा नका, त्या शेवटच्या तीन आठवड्यांसाठी, आठवड्याला एक. त्याहून जुन्या आत्ता वापरा, कात्री लावून प्रकरणवार केल्यात तरी चालेल. ताज्या तीन मात्र घड्याळ लावून, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असेल तर १८० मिनिटांतली २० तपासायला बाजूला काढा. उरली १६०, म्हणजे गुणाला दोन मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नावर आठ मिनिटं होऊन गेली आणि वाट दिसत नसेल तर तेवढी जागा सोडून पुढे जायचं. हा हिशेब तुमच्या पेपरच्या गुणांनी आणि वेळेने करून घ्या, आणि तो डोक्यात नको, बोटांत बसला पाहिजे.

त्याबरोबर नमुना उत्तरं मिळत असतील, कोणत्या पायरीला किती गुण ते दाखवणारी, तर ती कुठल्याही जाड पुस्तकापेक्षा मोलाची. ती वाचली की कळतं, सूत्र लिहिण्याला गुण आहे, किंमती घालण्याला आहे, शेवटच्या आकड्याला बहुधा त्यातला छोटासाच वाटा. शेवटी चुकलात तरी मांडणीचे गुण हातात राहतात, पण मांडणी दिसली तर. हुशार पोरं तीन पायऱ्या मनात करतात, चौथी लिहितात, तीत चूक होते आणि सगळेच गुण जातात. तपासणाऱ्याला मनातलं वाचता येत नाही हो. कच्चं काम समासात किंवा शेवटच्या पानावर कोंबू नका, त्या प्रश्नाशेजारीच ठेवा. चूक शोधायला परत याल तेव्हा तीच जागा लागते.

आणि चुकांची वही. नाव ऐकून कंटाळा येतो, मान्य. पोरं ती सुंदर बनवतात, रंगीत पेनं वापरतात, आणि परत कधी उघडत नाहीत. सुंदर नको. उदाहरण, नेमकी कोणती ओळ चुकली, आणि का, इतकंच. "का" मध्ये "निष्काळजीपणा" हा शब्द लिहायला बंदी. निष्काळजीपणा हे कारण नाही, ती पळवाट आहे. "वजाचा कंस उघडताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही" हे कारण. −(क्ष − ३) म्हणजे −क्ष + ३, आणि दरवर्षी असंख्य पोरं −क्ष − ३ लिहितात. "किंमत ऋण होती, कंस न घालता वर्ग केला" हे कारण: (−४)² म्हणजे १६, आणि सूत्रात कंसाविना लिहिलं की त्याचं −१६ होतं आणि पुढचं सगळं वाहून जातं. "दोन्ही बाजूंचा वर्ग केला आणि उत्तर मूळ समीकरणात घालून बघितलं नाही" हे कारण. √(क्ष + ६) = क्ष घ्या. वर्ग केला की ३ आणि −२ अशी दोन उत्तरं येतात, पण −२ घालून बघा, डावीकडे २ आणि उजवीकडे −२. ते उत्तर नव्हेच. कॅल्क्युलेटरला परवानगी असेल तर "अंशांऐवजी रेडियनवर राहिला" हेही एक कारण (रेडियन म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक). साइन ३० चं ०.५ यायच्या जागी −०.९८८ दिसतं आणि पोरगं बिनदिक्कत ते उतरवतं.

गंमत अशी की अशा २५-३० नोंदी झाल्या की कारणं चार-पाचच उरतात, पुन्हा पुन्हा तीच. प्रत्येक पोराची वेगळी. कुणाची चिन्हं, कुणाचं वाचन, कुणाची घाई. ते कुठलंही छापील पुस्तक सांगू शकत नाही, कारण छापणाऱ्याला तुमचं पोर माहीत नाही. चुकलेलं उदाहरण दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, तीन आठवड्यांनी पुन्हा. तिन्ही वेळा न बघता बरोबर आलं तरच त्यावर काट मारायची.

सूत्रांचं ते खिशातलं पुस्तक मात्र सरळ कुणाला तरी देऊन टाका. सूत्रांचं पान स्वतः बनवायचं असतं, आणि बघून नाही, आठवून. रविवारी कोरा कागद घ्या, एका प्रकरणाची सगळी सूत्रं लिहा, मग ताडून बघा. जी राहिली ती तुमची कच्ची. वर्गसमीकरणाचं सूत्र पूर्ण वर्गाच्या पद्धतीने एकदा स्वतः काढून बघितलंत तर पेपरात विसरलात तरी पाच मिनिटांत परत काढता येईल. पाठ केलेलं विसरलं की गेलंच.

हे सगळं मी मित्राला जरा चढ्या सुरातच पाठवलं. मग त्याचा फोन आला. म्हणाला, "अरे, मला गणितातलं काही कळत नाही. तिच्या शेजारी बसून काय करणार मी? पुस्तक तेवढं आणून देता येतं, ते आणून दिलं." यावर काय बोलणार. माझा आवाज खाली आला. नऊ पुस्तकं म्हणजे नऊ वेळा त्याला वाटलं की आपण काहीतरी करायला हवं. सकाळी गठ्ठा बघून मला हसू आलं होतं, ते आता येत नाही.

पण खरंच सांगतो, गणित न येणारा बापही शेजारी बसू शकतो. घड्याळ तो लावू शकतो. चिठ्ठ्या पिसू शकतो. ताज्या तीन प्रश्नपत्रिका स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवू शकतो. आणि सगळ्यात मोठं काम, सोडवलेल्या उदाहरणावर बोट ठेवून विचारू शकतो, "ही ओळ या ओळीतून कशी आली, मला सांग." त्याला समजायची गरजच नाही. तिला सांगता आलं की झालं. तिने क्ष ने भागलं त्या ओळीवर कुणी बोट ठेवून "इथे भागलंस, मग क्ष शून्य असला तर?" असं नाही, नुसतं "हे का चालतं?" एवढंच विचारलं असतं तरी तो शून्य परत आला असता.

आता गठ्ठ्यातून पाठ्यपुस्तक वर आलंय, एक गाइड पट्टीसकट ठेवलंय, बाकी सात पलंगाखाली गेलीत. तिच्यासाठी आजचं उदाहरण पाठवलंय: लॉग क्ष + लॉग(क्ष − ३) = १, पाया १०. दोन उत्तरं निघाली तर थांबून पुन्हा बघ, एवढंच खाली लिहिलंय. तुम्ही कुणी उत्तर कमेंटमध्ये टाकू नका, ती माझ्या पोस्ट वाचते.