देश फंक्शनसारखा चालत नाही, आणि फंक्शनपण तसं चालत नाही

परवा सकाळी मामांचा मेसेज आला. मामा सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या भिलवडीला असतात, ऊस आहे, थोडी हळद, आणि त्यांचा मेसेज म्हणजे एकतर पावसाचा नाहीतर कुणाच्या लग्नाचा. यावेळी भलामोठा फॉरवर्ड होता आणि त्याखाली व्हॉइस नोट, "आरं हे तुझ्याच कामाचं दिसतंय, वाचून सांग खरं हाय का."

वाचला. वर लिहिलंय "एका जगप्रसिद्ध फंक्शनल प्रोग्रॅमरचे विचार", नाव कुठंच नाही. सांगतो काय तर फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे इनपुट घेऊन उत्तर देणाऱ्या छोट्या तुकड्यांनी (फंक्शन) प्रोग्रॅम बांधायच्या पद्धतीत, साइड इफेक्ट, म्हणजे उत्तर काढताना बाहेरचं काही बदलणं, नसतात म्हणून चुका होत नाहीत, म्हणून सरकार, कोर्टं आणि जगाचं राजकारण सगळं तसंच चालवावं. संविधान एकदाच लिहून कायमचं कुलूपबंद करावं. माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही. कोड हाच कायदा. एस्टोनियात हे आधीच झालंय. आणि शेवटी कुणीतरी आपल्या भागासाठी जोडलेलं, की कृष्णेच्या पाण्याचं भांडण एका फंक्शनमध्ये मिटेल.

संध्याकाळपर्यंत तोच मेसेज अजून तीन ग्रुपवर आला, तेपण सोडून दिलं असतं. पण मामांचा पोरगा, जो यंदाच अठरा पूर्ण झालाय, तो फोनवर म्हणाला, "दादा, मग मतदान कशाला करायचं, पुढं अल्गोरिदमच चालवणार की सगळं." तिथं माझं डोकं फिरलं. मी सांगलीत विश्रामबागेत घरी बसून गेली नऊ वर्षं हास्केल आणि एर्लांग या फंक्शनल भाषांमध्ये कोड लिहितोय, पोट त्यावर चालतं, त्या विचारावर माझा जीव आहे, आणि त्याच्या नावावर कुणी असलं काही खपवलं तर मी गप्प बसणार नाही.

पहिला मुद्दा, साइड इफेक्ट नसतात म्हणे. प्युअर फंक्शन म्हणजे तेच इनपुट दिलं की दरवेळी तेच उत्तर, मधल्यामधे बाहेर कुठं हात घालायचा नाही. एवढं खरं. पण बाहेर हात घालायचाच नाही असं ठरवलं तर मशीन नुसती गरम होणार, दुसरं काही होणार नाही, हे हास्केल घडवणाऱ्यांपैकी एक सायमन पेटन जोन्स स्वतःच सांगत आलेत. पैसे पाठवणं साइड इफेक्ट, फाइल लिहिणं साइड इफेक्ट, तुमच्या मोबाइलवर हा मेसेज उमटला तोपण साइड इफेक्टच. हास्केल ते काढून टाकत नाही, ते वेगळं ठेवतं आणि त्याच्यावर शिक्का मारतं की बाबा हे फंक्शन बाहेरच्या जगाला हात लावतंय, बघून वापर. आता सरकार म्हणजे काय? रस्ता करणं, कर घेणं, पोलीस पाठवणं, धान्य वाटणं. सगळं बाहेरच्या जगाला हात लावणंच. त्यातून साइड इफेक्ट काढले तर उरतं काय?

आणि चुका होत नाहीत हे तर सरळ खोटं आहे. हा मेसेज ज्या व्हॉट्सॲपवरून फिरतोय त्याचे सर्व्हर एर्लांगवर चालत आलेत, म्हणजे फंक्शनल भाषेवरच. ती १९८६ च्या सुमाराला एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्माला आली. ज्यो आर्मस्ट्राँग हे तिच्या निर्मात्यांपैकी एक, त्यांच्या २००३ च्या पीएचडी प्रबंधाचा विषयच असा आहे की सॉफ्टवेअरमध्ये चुका असणारच हे धरून भरवशाची सिस्टिम कशी बांधायची. एर्लांगमध्ये प्रत्येक कामावर लक्ष ठेवणारा एक सुपरवायझर असतो, काम कोसळलं की तो ते परत उभं करतो, आणि त्या सुपरवायझरवरपण वर दुसरा असतो. मी रोज हेच लिहितो. कुणीच चुकणार नाही असं धरून यातली एक ओळपण लिहिलेली नसते. निवडणूक, कोर्ट, ऑडिट हे दुसरं काय आहे सांगा.

संविधान कुलूपबंद करा, या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. एकदा लिहिलेला डेटा बदलायचा नाही ही आमच्याकडची मोठी शहाणी सवय आहे, पण ती काही कॅलिफोर्नियात जन्मलेली नाही. माझे आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. कीर्दीत आकडा चुकला तर त्यांनी कधी खोडला नाही, खोडलं की संशय आला. चुकलेली नोंद तशीच राहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याची उलट नोंद पडायची, म्हणजे चूकपण दिसते आणि दुरुस्तीपण दिसते. पण कीर्द खोडत नाहीत याचा अर्थ कीर्द बंद करून ठेवतात असा होतो काय? रोज नवी नोंद पडतेच की. आपल्या संविधानात शंभरावर दुरुस्त्या झाल्यात, आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या खंडपीठानं सात विरुद्ध सहा अशा मतांनी सांगितलं की दुरुस्ती करा, पण मूळ चौकट मोडता येणार नाही. म्हणजे काय बदलायचं आणि काय नाही याचा विचार आपल्याकडे आधीच झालाय. मामांना एवढंच सांगितलं, मामी पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होत्या त्या ७३ व्या दुरुस्तीनं बायकांना राखीव जागा दिल्या म्हणून. कुलूप १९५० लाच लावलं असतं तर?

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला तो. माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही.

ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची सिस्टिम आली, फुजित्सु कंपनीनं चालवलेली. गावोगावचे सब-पोस्टमास्तर, म्हणजे छोटं दुकान सांभाळून पोस्ट चालवणारी साधी माणसं, त्यांच्या हिशोबात तूट दिसायला लागली. एका प्रकारात तर असं झालं की पडदा अडकला म्हणून बाईंनी एन्टर परत परत दाबलं आणि आठ हजार पौंडाची नोंद चार वेळा पडली. आमच्या कामात हे पहिल्या वर्षी शिकवतात, तीच विनंती दोनदा आली तरी काम एकदाच झालं पाहिजे. पण तिथं काय झालं, कायदा असं मानत होता की कॉम्प्युटर नीटच चालत असणार, चुकलाय हे दाखवायचं तर आरोपीनं दाखवायचं. आणि सर्व्हरच्या आतलं या लोकांना दिसणार कसं? कुणी घर गहाण टाकून तूट भरली, कुणी नातेवाइकांकडून उसने घेतले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेवर लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब असले गुन्हे लागले. गरोदर बाईला तुरुंगात टाकलं. काहींनी जीव दिला. अनेकांना सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, बाकी कुणाची तक्रार नाही. अॅलन बेट्स नावाचा एक सब-पोस्टमास्तर आणि त्याच्यासोबत पाचशेवर लोक कोर्टात लढले तेव्हा २०१९ ला न्यायाधीशांनी मान्य केलं की सिस्टिममध्येच बग होते, आणि शेवटी २०२४ ला पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. कोडनं केलेलं पाप कोडनं धुतलं नाही, माणसांनी धुतलं, वीस-पंचवीस वर्षं लावून.

हे लांबचं झालं म्हणाल. आमची आजी. जन्म भांगलणीत, हळद काढण्यात गेला, अंगठ्यावरच्या रेषा कधीच्या झिजून गेल्यात. रेशनला गेली की मशीनवर लाल दिवा. दुकानातला माणूस तिचा अंगठा स्वतःच्या रुमालानं पुसायचा, परत ठेवायचा, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. गव्हाचं पोतं समोर दोन हातांवर उघडं असायचं. आणि तो, जो आजीला तीस वर्षं नावानं ओळखतो, म्हणायचा, "आजी, सिस्टिम घेत नाही." तीन वेळा ती रिकामी पिशवी घेऊन उन्हात परत आली. तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. तिनं मला विचारलं, "मी मीच न्हाई का रं?" मशीनचं म्हणणं होतं की नाही. शेवटी धान्य मिळालं ते त्यानं वहीत नाव लिहून, तिच्याकडं बघून दिलं म्हणून. ती वही आणि तो माणूस काढून टाका असं हा मेसेज सांगतोय, आणि माझ्या मामांना, त्याच आजीच्या मुलाला, तो आवडून पुढं पाठवावासा वाटला. राग मामांवर नाही, ज्यानं लिहिला त्याच्यावर आहे.

कोड हाच कायदा, यावर फार वेळ घालवत नाही. २०१६ ला इथेरियमवर, म्हणजे इथर नावाचं डिजिटल चलन ज्या ब्लॉकचेनवर, नोंदींच्या साखळीवर, चालतं तिच्यावर, डाओ नावाचा नुसत्या कोडवर चालणारा फंड निघाला, बोधवाक्यच ते. त्याच्या कोडमध्ये पैसे आधी दिले जायचे आणि शिल्लक नंतर कमी व्हायची, एकानं मधल्यामधे तीच मागणी परत परत केली आणि ३६ लाख इथर काढून घेतले. कोडप्रमाणं बघाल तर त्यानं कायदा मोडलाच नाही. मग काय केलं, तर लोक भांडले, दोन तट पडले, आणि महिन्याभरात बहुसंख्यांनी इतिहासच मागं फिरवला, ज्यांना पटलं नाही ते वेगळी साखळी घेऊन गेले. हे राजकारणच आहे, नाव काहीही द्या.

एस्टोनिया पण तसंच. तिथं बरंच काही ऑनलाइन होतं, २००५ पासून इंटरनेटवर मतदानसुद्धा करता येतं, हे खरं आहे आणि कौतुकाचंपण आहे. पण ते मतदान कुणाला करतात? १०१ खासदारांच्या संसदेला. पंतप्रधान आहे, पक्ष आहेत, सरकारं पडतात. साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला तेव्हा २०१७ ला ती प्रमाणपत्रं थांबवायचा निर्णय सरकारनं घेतला, कुठल्या फंक्शननं नाही.

जगाच्या राजकारणाबद्दल लिहिलंय की भावना नसलेला कॉम्प्युटर निर्णय घेईल तर युद्धं होणार नाहीत. २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. मॉस्कोजवळच्या बंकरमध्ये स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी ड्यूटीवर, आणि कॉम्प्युटर सांगतोय की अमेरिकेनं क्षेपणास्त्र सोडलं, मग अजून चार. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएतांनी कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, वातावरण पेटलेलं. या माणसानं विचार केला की खरंच हल्ला करायचा तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं सोडेल का, आणि जमिनीवरच्या रडारवर तर काहीच दिसत नाही. त्यानं वर कळवलं की खोटा अलार्म आहे. नंतर कळलं, ढगांवरून चमकलेलं ऊन उपग्रहानं क्षेपणास्त्र समजून घेतलं होतं. आपण आज इथं आहोत त्यात त्या एका शंकेचा मोठा वाटा आहे. सॉफ्टवेअरला देशांच्या सीमा नसतात म्हणे, तर २०२४ ला रशियावरच्या निर्बंधांमुळं लिनक्स कर्नलच्या, म्हणजे जगभरातले लोक मिळून लिहितात त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन लोकांची नावं काढली गेली, एवढं वाचा आणि मग बोला.

राहिलं पाणी. इथं मला सांगलीकर म्हणूनच बोलायचंय. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ब्रह्मनाळला बोट उलटली. मामांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी, ऊस आठवडाभर बुडून कुजला, त्याचा वास अजून नाकात आहे. आता लिहा फंक्शन. कोयना १०५ टीएमसीचं धरण. जुलैत ते रिकामं ठेवलं तर पुराला जागा राहते, पण नंतर पाऊस नाही झाला तर वीज कमी आणि उन्हाळ्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या योजनांना पाणी कमी, म्हणजे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तहानलेलं. भरून ठेवलं तर पलूस, वाळवा आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ बुडायची भीती. एकट्या सांगली जिल्ह्यात एक टोक पुरात आणि एक टोक टँकरवर. त्यात खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण, त्याची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची कर्नाटकची मागणी, दुसऱ्या कृष्णा लवादानं २०१० ला ती मान्यही केली आणि वाद अजून चालूच आहे. बॅकवॉटरचा पुरात वाटा किती यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही.

पाऊस किती, आवक किती, विसर्ग किती, हे फंक्शन काढेल, काढायलाच पाहिजे, आणि आजच्यापेक्षा चांगलं काढायला पाहिजे, त्यासाठी मी फुकट राबायला तयार आहे. पण जतच्या बाईच्या घागरीला किती वजन द्यायचं आणि भिलवडीच्या उसाला किती, हा आकडा फंक्शनच्या आत कुणीतरी माणूस लिहिणार आहे. तो कुणी लिहिला, कुठं बसून लिहिला, आणि चुकला तर त्याला कुणी विचारायचं, हे सगळं हा मेसेज गिळून टाकतो.

रात्री मामांना फोन केला, अर्धा तास बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "मग एकोणीसच्या पुरात आमचं वावर त्यानं किती आकड्याचं धरलं असतं रं?" मी म्हटलं, तो आकडा ठरवताना तुम्ही तिथं असलात तर बरा धरला असता, नसलात तर शून्य. मामांनी मेसेज ग्रुपवरून काढला. पोराला मी मतदार नोंदणीचा फॉर्म ६ पाठवलाय, फोटो तेवढा नवीन काढून घे म्हटलंय.