‘टँकर सुरक्षित, तेल तरंगतं, मग भीती कसली?’ या दाव्याचा प्रतिवाद

कॅनडातल्या अल्बर्टाचं तेल ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर आणायची मागणी पुन्हा होते आहे. तिच्यासोबत एक दावाही फिरतो: पाइपलाइनवर चोवीस तास संगणकाची नजर असते; टँकर दुहेरी कवचाचे, सोबत पायलट (जहाजाला वाट दाखवणारे जाणकार) आणि टग (ओढबोटी); तरी सांडलंच तर तेल तरंगतं, बूम (पाण्यावर तरंगणारा लांब अडसर) टाकून उचलता येतं; किनाऱ्यावरच्या गावांची भीती निव्वळ अज्ञान आहे.

‘संगणकाची नजर असते.’ असते, पण संगणक करतो तो जमाखर्च: आत किती गेलं, बाहेर किती आलं. प्रवाहाच्या साधारण एक टक्क्याखालची गळती या हिशेबात सहसा सापडत नाही. याच किनाऱ्यावरच्या किटिमॅटला जाणारी नॉर्दर्न गेटवे ही नियोजित पाइपलाइन रोज ५,२५,००० बॅरल वाहणार होती. तिचा एक टक्का म्हणजे रोज आठ लाख लिटरांहून जास्त.

मोठी फूट तरी लगेच कळते का? २५ जुलै २०१० ला मिशिगनमधल्या मार्शलजवळ एन्ब्रिज कंपनीची ३० इंची पाइपलाइन, लाइन ६बी, सुमारे दोन मीटर फाटली. नियंत्रण कक्षात इशारे वाजत होते. पण लाइन बंद करताना दाब कमी होतोच, नळीत पोकळी झाली असेल, असं समजून पंप दोनदा पुन्हा सुरू केले गेले. सांडलेल्या सुमारे ३२ लाख लिटरांपैकी ८१ टक्के तेल या दोन वेळांतच बाहेर पडलं. सतरा तासांनी फुटीची बातमी दिली ती बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने.

‘दुहेरी कवच, पायलट, टग.’ कवच हलक्या धक्क्याला उपयोगी पडतं, जोरदार टकरीला नाही. जानेवारी २०१० मध्ये टेक्सासच्या पोर्ट आर्थरला फुटलेला ‘ईगल ओटोम’ दुहेरी कवचाचाच होता, त्यावर दोन पायलट होते, तरी ११,००० बॅरल तेल सांडलं. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या बेला बेला गावाजवळ ‘नेथन ई. स्ट्युअर्ट’ हा टगच खडकावर चढला. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला झोप लागली होती.

‘तेल तरंगतं, बूमने उचलता येतं.’ सगळ्यात घातक विधान हे आहे. या पाइपलाइनमधून येणार ते डिलबिट: साधारण ७० टक्के बिट्युमेन, ३० टक्के त्याला पातळ करणारं हलकं तेल, म्हणजे कंडेन्सेट. सांडल्यावर कंडेन्सेट उडून जायला लागतं, वाऱ्यावर त्याची विषारी वाफ पसरते. मागे राहिलेलं डांबरासारखं बिट्युमेन जड होत जातं आणि गाळाचे कण चिकटले की तळाशी बसतं. मार्शलच्या फुटीतलं तेल कलामझू नदीत गेलं, तिथे हेच झालं. बुडालेल्या तेलासाठी २०१३ मध्येही नदीचा तळ उपसायचे आदेश निघत होते.

तरंगणाऱ्या तेलाचं तरी काय? बूमला आडवा येणारा प्रवाह ०.७ नॉटच्या, म्हणजे ताशी १.३ किलोमीटरच्या वर गेला की तवंग बूमच्या पाण्यात लोंबणाऱ्या झालरीखालून निसटतो. बूम तिरका लावून थोडा जास्त प्रवाह सोसता येतो, पण त्याला नांगर भक्कम लागतात आणि लाटा वाढल्या की तेल वरून उसळतं. घट्ट झालेलं तेल स्किमरमध्ये (तवंग उचलणाऱ्या यंत्रात) अडकतं ते वेगळंच. समुद्रातल्या मोठ्या गळतीत यंत्रांनी परत मिळतं ते सहसा १०-१५ टक्के. बेला बेलाला तर पातळ डिझेल होतं, सुमारे १,१०,००० लिटर. तिथेही वादळी हवेत बूम टिकले नाहीत आणि तिथल्या हाइल्टसुक या आदिवासी लोकांच्या शिंपल्यांच्या जागा बंद पडल्या.

‘भीती म्हणजे अज्ञान.’ मार्च २००६ मध्ये ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही फेरी वळण चुकून गिल बेटावर आदळली आणि बुडाली. ती जागा नेमकी नॉर्दर्न गेटवेच्या टँकरांच्या नियोजित वाटेवर होती. मध्यरात्री आपल्या होड्या घेऊन मदतीला धावले ते हार्टली बेचे गावकरी. या पाण्याचं ज्ञान त्यांच्याइतकं कोणाला आहे?

२०१९ च्या कायद्याने इथल्या बंदरांत १२,५०० टनांहून जास्त कच्चं तेल असलेल्या टँकरांना मज्जाव आहे. तो उठवा म्हणणाऱ्यांनी आधी लिहून द्यावं: बुडालेलं डिलबिट किती खोलीवरून, कोणत्या यंत्राने काढणार, आणि ते यंत्र हार्टली बेला किती तासांत पोचणार?