चोच फोडणाऱ्या गरुडाची थाप

गरुडाचा तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. गरुड म्हणे ७० वर्षे जगतो. चाळिशीत त्याची नखे वाकतात, चोच आत वळते, पिसे जड होऊन छातीला चिकटतात. मग पुढे दोनच वाटा: मरण, नाहीतर १५० दिवसांच्या यातना. तो डोंगरावर एकटा जातो, खडकावर आपटून चोच पाडतो, नव्या चोचीने नखे उपटतो, नव्या नखांनी पिसे उपटतो आणि पुढची ३० वर्षे ताजातवाना जगतो. तात्पर्य असे की बदलायचे तर जुने सगळे उपटून टाका.

सुप्रभातच्या फुलांबरोबर फिरणारा मेसेज म्हणून सोडूनही दिले असते. पण पणजीच्या हॉटेलांत संचालकांसाठी जी प्रशिक्षणे होतात, तिथे आता याची स्लाइड असते. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत चेअरमन हीच गोष्ट सांगतात, टाळ्या पडतात आणि पुढच्या महिन्यात कोणाची तरी पिसे उपटली जातात. म्हणून हे खोडून काढणे भाग आहे.

वयाचे आधी उरकू. रानातले मोठे गरुड साधारण २० ते ३० वर्षे जगतात. अमेरिकेत पायात कडे घातलेला एक टकला गरुड ३८ वर्षांचा होऊन २०१५ मध्ये मेला, तर तो विक्रम ठरला. म्हणजे चाळिशीतला निर्णय घ्यायला गरुड शिल्लकच नसतो.

चोच फोडण्याची कथा तर क्रूरच आहे. चोचीच्या आत हाड असते आणि वर आपल्या नखासारखे आवरण. ते आवरण आयुष्यभर वाढत राहते आणि खाताना, घासताना झिजत राहते. जुनी चोच आणि नवी चोच असा प्रकार नाही. अलास्कात २००५ मध्ये गोळी लागून एका गरुड मादीची वरची चोच उडाली. तिला ब्यूटी नाव ठेवले होते. ती सापडली तेव्हा उपासाने खंगली होती. माणसांनी भरवले म्हणून जगली, आणि २००८ मध्ये तिला कृत्रिम चोच बसवावी लागली. चोच गेलेल्या गरुडाचे खरे चरित्र हे असे आहे.

आता पिसे. इथे मला थांबायचे आहे, कारण संस्थांचे सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केले आहे. मांडवीवर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार असो की किनाऱ्यावरचा समुद्री गरुड, पिसे सगळेच बदलतात. पण उडण्याची मोठी पिसे एकदम कधीच टाकत नाहीत. थोडी गळतात, त्या जागी नवी भरतात, मग पुढची. तीही दोन्ही पंखांत साधारण जोडीने, म्हणजे तोल जात नाही. मोठ्या गरुडाला सगळी पिसे बदलायला एका वर्षाहून जास्त लागते आणि या सगळ्या काळात तो उडत असतो, शिकार करत असतो.

आपल्या संस्थांत ‘जड पिसे’ म्हणजे कोण, हे सभेत कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते: जुना खजिनदार, निवृत्तीला आलेला कारकून, घरोघरी फिरणारा पिग्मी एजंट. माझ्या ओळखीच्या एका संस्थेने नवे सॉफ्टवेअर आणले, कीर्द-खतावणी त्याच दिवशी कपाटात बंद केली आणि जुन्या कारकुनाला दुसऱ्या शाखेत पाठवले. तेही चवथीच्या तोंडावर, जेव्हा सभासद गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळीच्या बाजारासाठी पैसे काढायला रांगा लावतात! घोटाळा नावांत झाला. गोव्यात एकाच घरातल्या बापाचे आडनाव पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने आणि मुलाचे इंग्रजी वळणाने नोंदलेले असते. कधी तर एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन तऱ्हा. संगणकाने एका नाईकाचे दोन नाईक केले. कर्ज एकाच्या नावावर, ठेव दुसऱ्याच्या. हे दोघे एकच, हे ज्याला तोंडपाठ होते तो दुसऱ्या शाखेत शिक्के मारत बसला होता.

जुने वही-खाते आणि नवे सॉफ्टवेअर काही महिने शेजारी शेजारी चालवायचे, रोज संध्याकाळी दोन्हींचा मेळ घ्यायचा, ही हिशेबाच्या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यात काम दुप्पट होते, लोक कुरकुरतात. पण चूक सभासदाच्या पासबुकात उतरण्याआधी सापडते.

‘दोनच पर्याय, मरण की यातना’ हा मुद्दा पुढाऱ्यांना फार आवडतो, कारण त्यात चर्चा संपते. २०११च्या फेब्रुवारीत नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिले की आपण समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावर उभे आहोत, उडी मारावीच लागेल. पत्र बाहेर फुटले. त्याच महिन्यात फोन चालवणारी आपली सिम्बियन प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टची प्रणाली घेणार, असे कंपनीने जाहीर केले. नव्या प्रणालीचा पहिला फोन दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या महिन्यांत, कंपनीनेच टाकून दिलेला फोन गिऱ्हाइकाने का घ्यावा? विक्री कोसळली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार झाला. नोकिया आधीपासूनच मागे पडत होती, हे खरे. पण मागे पडणाऱ्याने पंखही उपटून घ्यावेत असे कुठे आहे?

‘तो डोंगरावर एकटा जातो.’ आमच्याकडे याचा अर्थ असा लावतात की चेअरमन आणि सल्लागार दार लावून बसणार आणि लोकांना निकाल कळवणार. लोक बदलाला विरोध करतातच, मग विचारायचे कशाला? याचे उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्याने कधीच दिले आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कामाची पद्धत सगळ्यांचीच बदलायची होती. एका गटाला नुसते सांगितले. त्यांचे उत्पादन घसरले, वर येईना, आणि ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांतल्या प्रत्येकीला नवी पद्धत ठरवण्यात घेतले, ते दोन-तीन दिवसांत मूळ वेगावर आले, पुढे तो ओलांडून गेले, आणि कोणी सोडून गेले नाही. खरी गंमत पुढे आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्यांना काही महिन्यांनी पुन्हा एका बदलात घातले, यावेळी विचारून. तेही भराभर सावरले. माणसे तीच होती. गट लहान होते, हे मान्य. पण ‘आमचा स्टाफच तसला’ म्हणणाऱ्याने हा प्रयोग तरी वाचावा.

चोच नसताना घडणाऱ्या उपासाबद्दल गोव्यात कोणी कोणाला शिकवू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांच्या लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. बेकायदा उत्खनन थांबवणे हे न्यायालयाचे कामच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण १५० दिवसांच्या कितीतरी पट उपास घडूनही डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे नुसत्या यातनेतून नवी चोच उगवली नाही. दारात ट्रक उभे राहिले, नदीत बार्ज उभ्या राहिल्या, आणि कर्जदारांसाठी सरकारला सवलत योजना आणावी लागली. पर्यायी कमाईची सोय बंदीच्या आधी हवी होती, आणि ती कोणी केली नव्हती.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘अहो, दृष्टांत आहे तो, शब्दशः कशाला घेता?’ घेऊ नका ना. पण मग दृष्टांतच हवा असेल तर आपल्या पायाखालचा घ्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर इथल्या कारभारात जेवढा बदल झाला तेवढा कुठल्या पतसंस्थेच्या वाट्याला येणार नाही. पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षांची सत्ता गेली. तरी १९६२च्या कायद्याने असलेले कायदे, रीतसर बदलेपर्यंत, चालू ठेवले. कुळांसाठी १९६४ मध्ये कायदा आला, मुंडकारांसाठी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी, १९७५ मध्ये. पोर्तुगीज नागरी संहितेतला वारसाहक्काचा भाग तर २०१२च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने बदलला, आणि तो लागू व्हायला २०१६चा डिसेंबर उजाडला. लग्न आणि मालमत्तेची कलमे अजून जुन्याच पोर्तुगीज कायद्यांतली आहेत. कोमुनिदादींची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थांची, १९६१ची संहिताही दुरुस्त्यांसह चालूच आहे, आणि ती ठेवावी की टाकावी यावर गावकार आजही तावातावाने भांडतात.