राणीच्या राज्यातला ‘बेधडक’ पुस्तकविक्रेता

‘पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी लंडनचा पुस्तकविक्रेता कोणालाही न जुमानता हवे ते छापून विकत असे, शेक्सपिअरची नाटके चोरून तो गडगंज झाला, त्याच्या दुकानात चामडी बांधणीचे ग्रंथ झळकत आणि लेखकाला मात्र तो कवडीही देत नसे’, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या भाचीने तो महाविद्यालयाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘कोणालाही न जुमानता’ हे तर धडधडीत खोटे आहे. १५५७च्या सनदेने छपाईचा धंदा स्टेशनर्स कंपनी या लंडनच्या व्यावसायिक संघाच्या ताब्यात गेला आणि १५८६च्या स्टार चेंबर या राजदरबारी न्यायालयाच्या हुकुमाने लंडनबाहेर केवळ ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे प्रत्येकी एक छापखाना राहू दिला. राजसत्तेला न जुमानणाऱ्याचे काय होई, तेही पाहावे. एका फ्रेंच राजपुत्राशी राणीचा विवाह घाटत असताना, १५७९मध्ये, जॉन स्टब्ज याने त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. शिक्षेच्या वेळी इतिहासकार विल्यम कॅम्डेन स्वतः हजर होता. त्याने नोंदवले आहे की, मनगटावर सत्तूर ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला गेला आणि उजवा हात तुटताच स्टब्जने डाव्या हाताने टोपी काढून राणीचा जयजयकार केला. पुस्तिकेच्या प्रती पसरविणाऱ्या विल्यम पेजचाही हात तोडण्यात आला. ह्यू सिंगल्टन हा मुद्रक माफी मिळाली म्हणून बचावला. याला बेधडक धंदा म्हणणाऱ्याने एकदा कॅम्डेन वाचावा.

चामडी बांधणीचे तर सोडूनच द्या. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या आवारातील दुकानांत सुटे नाटक मिळे ते बहुधा कडेला दोऱ्याने टाचलेल्या चोपडीच्या रूपात, साधारण सहा पेनींना. बांधणी हवी असल्यास तिचा खर्च गिऱ्हाइकाने करायचा.

चोरटी छपाई होत होती, हे खरे. पण चोराची नजर असे ती हमखास खपणाऱ्या मालावर, आणि असा माल म्हणजे राणीने मोजक्या मुद्रकांना मक्त्याने दिलेली प्रार्थनेची व मुलांच्या मुळाक्षरांची पुस्तके. जॉन डे याच्या मक्त्यातील बाळबोध पुस्तकाच्या दहा हजार प्रती रॉजर वॉर्डने १५८२च्या सुमारास चोरून छापल्या. उलट शेक्सपिअरचे तुफान खपलेले ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे काव्य त्याच्याच गावच्या रिचर्ड फील्डने १५९३मध्ये कंपनीच्या वहीत रीतसर नोंदवून छापले होते, आणि ते नाटकही नव्हे.

लेखकाच्या मोबदल्याबाबत मात्र त्या मजकुरात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. नोंदवहीत हक्क लागे तो विक्रेत्याच्या किंवा मुद्रकाच्या नावावर. लेखकाचा हक्क मानणारा कायदा १७१०मध्ये आला. तथापि नाटककार आपली संहिता बहुधा आधीच नाटकमंडळीला विकून मोकळा झालेला असे. नाट्यगृहमालक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत एकेका नाटकापोटी पाच-सहा पौंड दिल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या व्यवहारात पुस्तकविक्रेता कोठेच नाही.