आमच्या विरुद्ध बाजूचा वकील

नानी पालखीवाला या माणसाबद्दल आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही, आणि त्याला कारण आहे. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात कूळ म्हणून जमीन कसायचे. १ एप्रिल १९५७ ला, कृषिदिनी, कायद्याने कुळं मालक झाली. पुढे कूळकायद्यातली '३२ ग'ची, म्हणजे जमिनीची किंमत ठरवण्याची केस चालली, किमतीचे हप्ते भरले आणि मग '३२ म'चा, म्हणजे जमीन खरेदीचा दाखला हातात पडला. तो दाखला आजही गावच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर डांबराच्या गोळ्या. धाकटे काका मुंबईला आले आणि राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून चिकटले. आम्हा भावंडांची शिक्षणं त्या पगारावर झाली. म्हणजे कूळकायदा आणि बँकांचं राष्ट्रीयीकरण, दोन्हींचं मीठ आम्ही खाल्लेलं. आणि मालमत्तेच्या हक्कासाठी, बँकांच्या भागधारकांसाठी सुप्रीम कोर्टात उभा राहिलेला देशातला सगळ्यात मोठा वकील म्हणजे पालखीवाला.

तरी काका बजेटनंतर त्यांचं भाषण ऐकायला जायचे. फोर्टातली ब्रँच सुटली की चालत चर्चगेटला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. १९५८ साली ग्रीन्स हॉटेलच्या एका हॉलमध्ये सुरू झालेली ही भाषणं पुढे स्टेडियमवर न्यावी लागली, इतके लोक यायचे. दलाल स्ट्रीटवाले, सीएची पोरं, पेन्शनर, आणि काकांसारखे युनियनचा बिल्ला लावलेले बँकवालेसुद्धा. भाषण इंग्रजीत, विषय आयकराचे दर. हातात कागद नाही. कलमं, आकडे, मागच्या बजेटातले दर, सगळं तोंडपाठ. एकदा मी काकांना विचारलं, "तुमच्या बँकेचं राष्ट्रीयीकरण रद्द करून घेणारा हा माणूस. तुम्ही ऐकायला कसले जाता?" काका म्हणाले, "पगार बँकेचा होता रे, कान माझे होते."

आता केस काय होती ते बघा. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या. एका भागधारकाने आव्हान दिलं, पालखीवाला उभे राहिले, आणि १० फेब्रुवारी १९७० ला सुप्रीम कोर्टाने दहा विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. चारच दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला, भरपाईची तरतूद सुधारली, आणि बँका सरकारकडेच राहिल्या. त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद करणारा राष्ट्रपतींचा आदेश आला. पुन्हा पालखीवाला, पुन्हा सरकार हरलं. १९७२ मध्ये कागदाच्या कोट्यावरून वर्तमानपत्रांची केस, तीही जिंकली. अशील कोण? बँकांचे भागधारक, राजेरजवाडे, वृत्तपत्रांचे मालक. गिरणगावात त्यांना 'टाटांचा वकील' म्हणणारे लोक होते, आणि ते काही खोटं बोलत नव्हते. टाटा समूहात ते मोठ्या पदांवर होतेच, एसीसीचे आणि टीसीएसचे अध्यक्षही राहिले.

पण हा माणूस जन्मतः बडा नव्हता. १९२० साली मुंबईत साध्या पारशी घरात जन्म. पूर्वज पालख्या बनवायचे, त्यावरून आडनाव. लहानपणी बोलताना अडखळायचे. झेवियर्समधून इंग्रजीत एमए केलं, प्राध्यापक व्हायचं होतं, विद्यापीठातली नोकरी मिळाली नाही म्हणून लॉ कॉलेजची वाट धरली. तिथून मुंबईचे नामवंत वकील सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये. (पावसाळ्यातल्या कांगा लीगचे कांगा वेगळे, ते डॉक्टर.) तिशीतच कांगांबरोबर आयकर कायद्यावरचा जाडजूड ग्रंथ लिहून बसले. याच चेंबरमधून होमी सीरवई, सोली सोराबजी आणि फली नरिमनही पुढे आले. हायकोर्टातल्या त्या एका खोलीने या देशाच्या राज्यघटनेवर जेवढा परिणाम केला, तेवढा कित्येक मंत्रिमंडळांनी केला नसेल.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती केशवानंद भारतींची केस. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात मठाची जमीन जायची होती. मुळात वाद आमच्या आजोबांच्या वादासारखाच, फक्त आम्ही पलीकडच्या बाजूला. आमचा कूळकायदा १९५१ साली, बाबासाहेब कायदामंत्री असताना झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेला. यादीत दुसराच नंबर. नववं परिशिष्ट म्हणजे अशी पेटी की आत टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांचं कारण दाखवून कोर्टात तेव्हा हात लावता येत नसे. ती पेटी नसती तर कुळांच्या किती पिढ्या तारखा मोजत बसल्या असत्या कोण जाणे. बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं. कोकणातल्या माणसाला ही पेटी कशासाठी लागली ते समजावून सांगावं लागत नाही.

पण त्याच पेटीत सरकार उद्या काय काय टाकेल, हा पालखीवालांचा प्रश्न होता. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी. संसद घटना दुरुस्त करू शकते हे ठीक, पण दुरुस्तीच्या नावाखाली घटनेची घटनाच बदलू शकते का? समोर केरळच्या बाजूने कोण, तर सीरवई, तेव्हाचे महाराष्ट्राचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील. म्हणजे दिल्लीतल्या कोर्टात देशाचं भवितव्य ठरत होतं आणि भांडत होते एकाच मुंबईकर चेंबरमधले दोघे. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावू नका. जमीन सुधारणांना संरक्षण देणारी दुरुस्ती टिकली. स्वामी जमिनीची लढाई हरले आणि त्यांच्या नावाने देश जिंकला. दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. बँकांच्या निकालात सरकारच्या बाजूने पडलेलं एकमेव मत त्यांचंच होतं.

पालखीवालांना मानणारे मित्रही १९७५ चा जून आला की जरा चाचरतात. अलाहाबाद हायकोर्टाने इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली आणि स्थगितीसाठी सुप्रीम कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले पालखीवाला! आयुष्यभर ज्या सरकारशी भांडले त्याच्याच पंतप्रधानांचं वकीलपत्र. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. वकिलाने अशील निवडताना नाक मुरडायला लागलं तर उद्या नावडत्या माणसाला वकीलच मिळणार नाही. २४ जूनला सशर्त स्थगिती मिळाली, २५ च्या रात्री आणीबाणी आली, आणि पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. खरी कसोटी ही होती. अशिलाला मधेच सोडू नये हाही वकिलीचा धर्म. तो मोडावा लागेल इतकं मोठं काही घडलंय, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. देशातले बरेच शहाणे त्या वेळी आगगाड्या वेळेवर धावताहेत म्हणून खूश होते.

त्या नोव्हेंबरात सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करायला पुन्हा तेरा जणांचं खंडपीठ बसवलं. पेपरांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात. पालखीवालांनी साधा प्रश्न धरून ठेवला: फेरविचार मागितलाय कोणी? अर्ज कुठाय? तामिळनाडूचं नाव पुढे आलं, तर त्यांच्या महाधिवक्त्यांनी आम्ही असं काही मागितलंच नव्हतं म्हणून सांगून टाकलं. दोन दिवस युक्तिवाद झाला आणि १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीशांनी खंडपीठच मोडीत काढलं. माझ्या मते पालखीवालांचं सगळ्यात मोठं काम हे. यात ना राजा होता, ना बँक.

आणि सीरवई? हा माणूस मला पालखीवालांइतकाच आवडतो, खरं तर थोडा जास्तच. मूलभूत चौकट वगैरे काही नाही असं त्यांनी हिरिरीने मांडलं होतं. मग आणीबाणी बघितली. आणि राज्यघटनेवरच्या आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत, केशवानंदचा बहुमताचा निकाल योग्य होता असं छापून टाकलं. जी केस स्वतः लढवली तिच्याबद्दल! आपल्याकडे पक्ष बदलणारे रोज दिसतात, त्यांच्या मतांचा पत्ता मात्र कधीच लागत नाही.

पुढे एक गंमत झाली. १९७७ मध्ये जनता सरकारने पालखीवालांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं, आणि ते वॉशिंग्टनमध्ये असताना त्याच सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती करून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला. परत आल्यावर त्यांनी मिनर्व्हा मिल्सची केस लढवली. (गिरणी आपल्या लालबाग-परळची नव्हे, कर्नाटकातली.) आणीबाणीतल्या ४२ व्या दुरुस्तीने संसदेला दिलेले घटना बदलण्याचे अमर्याद अधिकार १९८० मध्ये रद्द झाले.

ज्यांना त्यांचा फोटो भिंतीवर लावायचाय त्यांनी खुशाल लावावा, मला जमणार नाही. आयकराचे वरचे दर १९७३-७४ मध्ये ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेले होते, त्यावर त्यांनी आसूड ओढले ते बरोबरच. पण करदात्याच्या खिशाबद्दल ते ज्या पोटतिडकीने बोलले, त्या पोटतिडकीने कुळाबद्दल बोललेले माझ्या वाचनात नाहीत. मंडल प्रकरणात ते आरक्षणाला आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने उभे होते. नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने नोव्हेंबर १९९२ मध्ये ओबीसींचं २७ टक्के आरक्षण टिकवलं आणि एकूण मर्यादा ५० टक्क्यांवर बांधली. त्याच मर्यादेवर २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा अडकला. तिथेही मी त्यांच्या बाजूला नाही, आणि घरात यावरून काकांशी माझं जोरात वाजलं. काकांचं म्हणणं, मूलभूत चौकट त्यांची घ्यायची आणि बाकीचं टाकून द्यायचं, असं कसं चालेल? मी म्हटलं, का नाही चालणार, कोर्टानेसुद्धा तेच केलंय.