ग्रेन पुसू नका

जुन्या चित्रपटाची रीमास्टर केलेली ब्लू-रे घेताना काय पाहावं, याचा एक सल्ला सध्या बराच फिरतोय: चित्रात ग्रेन, म्हणजे फिल्मच्या चित्रात दिसणारे बारीक कण, नसावा, चित्र टीव्हीभर पसरलेलं असावं, खोक्यावर ४के लिहिलेलं असावं आणि सगळी दृश्यं सारखीच लखलखीत दिसावीत. या चारही कसोट्या चुकीच्या आहेत. ग्राहक हेच मागतात म्हणून चांगल्या चित्रपटांच्या वाईट प्रती निघतात, हे मला फार खुपतं.

आधी ग्रेन. फिल्मवरचं कृष्णधवल चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनीच बनतं. रंगीत फिल्ममध्ये त्या कणांच्या जागी रंगांचे ठिपके उरतात. चेहऱ्यावरची सुरकुती, कापडाचा पोत, पावसाची रेघ, सगळं त्यातच नोंदलेलं असतं. खरवडून काढला की खाली स्वच्छ चित्र सापडेल, असा तो वरचा थर नव्हे. संगणकाने ग्रेन पुसला की बारीक तपशीलही पुसला जातो आणि कातडी मेणासारखी दिसू लागते. १९८७ च्या ‘प्रीडेटर’ची २०१० मधली ब्लू-रे नेमकी याच कारणासाठी बदनाम झाली. त्याआधीच्या, २००८ मधल्या डिस्कवर ग्रेन भरपूर होता, पण चेहरे माणसांचे वाटत होते.

पाहायचंच असेल तर ग्रेन जिवंत आहे का ते पाहा. सेकंदाला २४ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कणांची मांडणी निराळी. ते जागच्या जागी थिजलेले किंवा चौकोनी ठोकळ्यांत अडकलेले दिसले, तर दोष कम्प्रेशनचा, म्हणजे डिस्कवर मावावं म्हणून चित्र दाबण्याचा, किंवा पुसापुशीचा. थांबवलेल्या एका फ्रेमवरून हे कळत नाही. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमधलं नॉइज रिडक्शन (कण पुसणारं) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) आधी बंद करा, शार्पनेस खाली आणा; नाहीतर तुम्ही डिस्कची नव्हे, टीव्हीची परीक्षा घेताय.

टीव्हीभर चित्राचा आग्रह तर सरळ नुकसानीचा. प्रभातच्या काळातल्या चित्रपटांची चौकट १.३७:१, आजच्या टीव्हीची १६:९. बाजूच्या काळ्या पट्ट्या घालवायच्या तर वरून-खालून जवळजवळ पाव चित्र कापावं लागतं. कपाळं आणि पाय कापून मिळालेली रुंदी कशाला हवी?

४के हा पिक्सेलचा आकडा, ३८४० बाय २१६०. स्कॅन कॅमेऱ्यातल्या मूळ निगेटिव्हचं आहे की चित्रपटगृहांत फिरून झिजलेल्या प्रिंटचं, हे तो सांगत नाही.

राहिला सारखेपणा. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ओलावा देऊन मऊ केल्या, वितळलेला डिंक काढला, कडेची तुटलेली छिद्रं हाताने जुळवली. २०१५ मध्ये नवी प्रत आली तेव्हा त्रयीतल्या पहिल्या, ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग थेट मूळ निगेटिव्हमधून घेता आला होता, बाकीचा मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या नकलांमधून, म्हणजे दुय्यम निगेटिव्ह आणि फाइन-ग्रेन प्रतींमधून. नकलेची नकल होताना तपशील थोडा उतरतोच, त्यामुळे एक दृश्य धारदार आणि पुढचं जरा मऊ, असं होणारच. तो फरक झाकायला सगळ्या चित्रपटावर एकच धार चढवली असती, तर आगीतून वाचलेल्या भागातलं सुब्रत मित्रांचं छायाचित्रणही आपण गमावलं असतं.