ओठावरचा पांढरा चट्टा आणि न उचललेला फोन

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. सहा वर्षांच्या मुलाची खालची दुधाची दाढ काढली, संध्याकाळी ओठ टम्म सुजला, सकाळी त्यावर पांढरा पू दिसला, तरी अँटिबायोटिक दिलं नाही, रात्री फोन उचलला नाही आणि वर स्पेस मेंटेनरचा, म्हणजे काढलेल्या दाढेची जागा धरून ठेवणाऱ्या तारेचा, खर्च सांगितला, असं तुम्ही लिहिलंय.

फोनचं आधी. चूक माझी. मोबाईल सायलेंटवर राहिला, मिस्ड कॉल सकाळी पाहिले.

ओठाचं मात्र तसं नाही. खालच्या दाढेसाठी भूल दिली की त्या बाजूचा ओठ दोन-तीन तास, कधी जास्तही, बधिर असतो. पोरांना त्याची गंमत वाटते. ती ओठ चघळत बसतात, दुखत नाही म्हणून थांबतही नाहीत. तुमच्या फोटोतला पांढरा थर म्हणजे पू नव्हे, चावलेल्या जखमेवर धरलेली साय आहे. खरवडू नका, व्हॅसलीन लावा. आठ-दहा दिवसांत भरून येईल. तिथे अँटिबायोटिकचं काही काम नाही. ताप आला किंवा सूज गालाकडे, जबड्याखाली सरकली, तर मात्र फोन न करता थेट या.

बोळा अर्धा तास दाबून धरा, आज चूळ नको, स्ट्रॉ नको, उद्यापासून कोमट मिठाचं पाणी, बधिरपणा जाईपर्यंत खाणं नको, हे सगळं मी आजोबांना तोंडी सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि नातू रडतोय म्हणून स्टँडवर भडंगाचा पुडा घेतला, हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे. सांगलीत येऊन भडंग न घेता कोण परत जातं म्हणा! त्यांना बोल नको. एका दमात एवढं सांगितल्यावर कुणाच्या लक्षात राहणार? कागदावर द्यायला हवं होतं. आता मोठ्या अक्षरात छापून देतोय, ओठाचं सगळ्यात वर.

स्पेस मेंटेनर लगेच घाला असं म्हणालो नव्हतो, पण तो लागणार. त्या जागेचा पक्का दात येतो 10 ते 12व्या वर्षी. तोवर मागची, सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे सरकून जागा बळकावते. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसलीच ही तार. माझ्याकडेच बसवा असंही नाही.

ओठ एकदा दाखवून जा, तपासणीचे पैसे घेणार नाही. आजोबांनाही आणा. भडंगाचा विषय मी काढणार नाही.